काजूचं टरफल हात उतवतं, मग जंतूंचं काय करतं?

रेशन दुकानातलं यंत्र माझ्या मावशीचा अंगठा एका दमात कधी ओळखत नाही. अंगठा पदराला पुसायचा, पुन्हा लावायचा, मागच्या लोकांची चुळबुळ ऐकायची, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला कधीतरी यंत्र होकार देतं. खानापूर तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात तिनं वीसेक वर्षं काजू फोडले. कटरवर बसलेल्या बाईच्या एका हातात बी असते, दुसरा हात दांड्यावर असतो, पाय खालच्या पट्टीवर. पातं मिटलं की टरफलातून काळपट तेल निघतं आणि बोटांवर येतं. बायका आधीच बोटांना खोबरेल नाहीतर एरंडेल चोळून घेतात, वरून राख लावतात. काहीजणी रबरी मोजे घालतात आणि उकाड्यानं दुपारपर्यंत काढून ठेवतात. एवढं करूनही हात उततातच. आधी खाज, मग फोड, मग साल निघते आणि खालून गुलाबी कातडी येते. वर्षानुवर्षं असं झालं की अंगठ्यावरच्या रेषा झिजून जातात.

मी बेळगावात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्पाचे विषय घेऊन येतात तेव्हा त्यात एक विषय हमखास असतो, अमुक सालीच्या अर्काचे जीवाणूरोधक गुणधर्म. कांद्याची साल, डाळिंबाची साल, काजूचं टरफल, उसाचं चिपाड. पेपरातही अधूनमधून बातमी येते की टाकाऊ सालीत औषध सापडलं. यातलं खरं किती आणि फुगवलेलं किती, हे सांगायचं तर मला मावशीच्या हातांपासूनच सुरुवात करावी लागते, कारण तिचे हात उतवणाऱ्या तेलातली द्रव्यंच जंतूही मारतात.

आपल्या भागात अशा उरल्यासुरल्या मालाला तोटा नाही. खानापूर आणि पलीकडच्या चंदगडात काजूची टरफलं. निपाणीत तंबाखूच्या काड्या, देठ आणि भुकटी. बेळगावच्या मार्केट यार्डात कांद्याची पोती झाडली की उडणारा सालींचा पाचोळा. चिकोडी-रायबाग भागात हळदीला पॉलिश करताना निघणारा भुगा. गुऱ्हाळावर चिपाडं, साखर कारखान्यात बगॅस. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला कोकम आणि फणस. यातला बराचसा माल चुलीत, भट्टीत नाहीतर उकिरड्यावर जातो. अगदीच वाया जातो असं मात्र म्हणता येणार नाही. बगॅसवर कारखान्यांचे बॉयलर चालतात, काजूच्या टरफलाला तेलघाणीवाले पैसे मोजतात. तरीही सालीत, टरफलात, देठात काही खास असतं का, हा प्रश्न उरतोच.

असतं, आणि त्याचं कारण झाडाच्या बाजूनं बघितलं की चटकन कळतं. झाडाला पळता येत नाही. कीड आली, बुरशी आली, जीवाणू आले तर जागच्या जागी उभं राहून सामना करावा लागतो. मग त्याची शस्त्रं कुठे असणार? जिथून शत्रू आत शिरणार तिथे, म्हणजे बाहेरच्या थरात. गर खायला असतो, साल राखणीला असते. आपण गर घेतो आणि राखणदाराला फेकून देतो.

याचा एक जुना आणि फार सुंदर पुरावा कांद्यात आहे. कांद्याला एक बुरशीचा रोग होतो, त्यानं वरच्या सालीवर काळे डाग पडतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की हा रोग पांढऱ्या कांद्याला होतो, लाल आणि पिवळ्या कांद्याला जवळजवळ होत नाही. वॉकर हे वनस्पतिरोगतज्ज्ञ आणि कार्ल पॉल लिंक हे रसायनतज्ज्ञ यांनी रंगीत कांद्याच्या वाळक्या सालींतून १९२९ मध्ये एक द्रव्य वेगळं काढलं, प्रोटोकॅटेच्युइक आम्ल. पुढे १९३३ मध्ये त्याच सालींतून दुसरं द्रव्य मिळालं, कॅटेकॉल. दोन्ही पाण्यात विरघळणारी. पाऊस किंवा दव पडलं की ती सालीतून पाझरतात आणि बुरशीचे बीजाणू रुजण्याआधीच त्यांना रोखतात. रंगीत कांद्याची साल काढून टाकली की तोही पांढऱ्यासारखाच रोगाला बळी पडतो. म्हणजे चिवड्यासारखी कुरकुरीत, काही जीव नसलेली वाटणारी ती साल जमिनीत असताना पहारा देत होती. झाडाच्या रोगप्रतिकारामागे नेमकं कोणतं रसायन आहे, हे दाखवून देणारं ते अगदी सुरुवातीचं काम. हे उदाहरण मी दर वर्षी वर्गात सांगते आणि दर वर्षी कुणीतरी घरून लाल सालींची पिशवी भरून आणतं.

आता काजूकडे येऊ. काजूच्या टरफलात दोन कडक थर असतात आणि त्यांच्यामध्ये मधाच्या पोळ्यासारखा पोकळ्यांचा थर. त्या पोकळ्यांत तेल भरलेलं असतं. नैसर्गिक तेलाचा निम्म्याहून जास्त भाग अ‍ॅनाकार्डिक आम्लाचा. शिवाय कार्डॉल आणि थोडं कार्डानॉल. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्ब्यानं अंग उततं हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. काजूचं तेल त्याच जातीचं आहे.

अ‍ॅनाकार्डिक आम्लाचा रेणू डोळ्यांसमोर आणायचा तर बेडकाचं पिल्लू आठवा. एक डोकं, त्याला लांब शेपूट. डोकं सॅलिसिलिक आम्लाचं, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातलं, आणि ते पाण्याशी जुळवून घेतं. शेपूट १५ कार्बनचं, तेलकट, चरबीत घुसणारं. आता जीवाणूच्या पेशीभोवतीचा पडदाही चरबीचाच असतो. हे शेपूट त्या पडद्यात शिरतं, डोकं बाहेर राहतं, आणि पडद्याची वीण विसकटते. आतलं बाहेर गळायला लागतं, ऊर्जा साठवता येत नाही, जीवाणू थंड पडतो. हेच शेपूट माणसाच्या कातडीतल्या चरबीतूनही वाट काढतं. पुढची गोष्ट मात्र वेगळी. कातडीत शिरलेल्या या द्रव्यांना आपलं शरीर परकं समजतं आणि त्यांच्यावर तुटून पडतं. फोड येतात ते काही अंशी थेट भाजल्यामुळे आणि काही अंशी या अ‍ॅलर्जीमुळे.

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात इसाओ कुबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काजूच्या टरफलाच्या तेलातली ही द्रव्यं वेगवेगळी करून तपासली. दात किडवणारे स्ट्रेप्टोकॉकस, तारुण्यपीटिकांतले जीवाणू, जखमेत पू करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, यांच्यावर अ‍ॅनाकार्डिक आम्ल एका मिलिलीटरला अवघे काही मायक्रोग्रॅम असलं तरी पुरत होतं. वनस्पतीतल्या द्रव्यासाठी ही मात्रा खरंच कमी आहे. पुढे २००४ मध्ये याच गटानं दाखवलं की मेथिसिलिन या औषधाला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि मेथिसिलिन एकत्र दिलं तर दोघांचा जोर वाढतो. औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे असा एखादा सोबती सापडला की शास्त्रज्ञ कान टवकारणारच.

पण हीच द्रव्यं ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जीवाणूवर घातली तर फारसं काही होत नाही. असं का?

१८८४ मध्ये हान्स क्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरनं जीवाणू रंगवायची एक पद्धत काढली. जांभळा रंग द्यायचा, आयोडीन लावायचं, मग अल्कोहोलनं धुवायचं, शेवटी गुलाबी रंग द्यायचा. काही जीवाणू जांभळे राहतात, काही जांभळा रंग सोडून गुलाबी होतात. पुढे कळलं की हा फरक भिंतीचा आहे. जांभळ्यांची, म्हणजे ग्राम पॉझिटिव्हची भिंत जाड असते पण तिला बाहेरून आणखी काही आवरण नसतं. गुलाब्यांची, म्हणजे ग्राम निगेटिव्हची भिंत पातळ असते, पण तिच्या बाहेर चरबी आणि साखरेचा आणखी एक पडदा असतो. कणकुंबीकडे पावसाळ्याआधी मातीच्या भिंतींना बाहेरून गवताचा आडोसा बांधतात ना, तसंच. पाऊस भिंतीपर्यंत पोचतच नाही. ई. कोलाय, सुडोमोनास, टायफॉइडचा साल्मोनेला हे सगळे आडोसावाले. लांब तेलकट शेपटाचं अ‍ॅनाकार्डिक आम्ल त्या बाहेरच्या पडद्याच्या साखरेवरच अडतं. शिवाय आत शिरलेलं नको ते द्रव्य बाहेर उपसून टाकणारे पंपही या जीवाणूंकडे असतात. म्हणून एखाद्या सालीनं 'जंतू मारले' असं वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो, कोणते? बहुतेक वनस्पतीअर्क जांभळ्यांवर चालतात आणि गुलाब्यांपुढे हात टेकतात. दवाखान्यात आज जास्त डोकेदुखी गुलाब्यांची आहे.

अर्क काढणं म्हणजे काय, हे चहा करणाऱ्या कुणालाही समजेल. पाण्यात पावडर टाकली की जे पाण्यात उतरतं ते उतरतं, उरलेलं गाळणीत राहतं. इथे पाण्याऐवजी कधी अल्कोहोल, कधी अ‍ॅसिटोन, कधी हेक्झेन. कांद्याच्या सालीतली ती दोन द्रव्यं पाण्यात येतील. हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळजवळ येत नाही, त्याला अल्कोहोल लागतं. डाळिंबाच्या सालीतली तुरट टॅनिनं पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात छान उतरतात. काजूच्या तेलाला तेलकट द्रावक. म्हणजे 'डाळिंबाच्या सालीचा अर्क' हे नाव अर्धवट आहे. कशात काढला ते सांगितल्याशिवाय त्या नावाला अर्थ नाही. आणि ज्या द्रावकात काढला त्याचा एक थेंब नुसता, सालीशिवाय, बशीत घालून बघावाच लागतो. अल्कोहोल स्वतःच जंतू मारतं, हे आपण २०२० साली हाताला सॅनिटायझर चोळचोळून शिकलोच आहोत.

आता ती बशी. काचेची चपटी झाकणाची बशी, तिला पेट्री डिश म्हणतात, जर्मन जीवाणूतज्ज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेतल्या ज्युलियस पेट्रीच्या नावावरून. आत घट्ट जेलीसारखं खाद्य, ते आगरचं. आगर म्हणजे आपल्या किराणा दुकानातलं चायना ग्रास. जंतू वाढवायला ते वापरायचं हे १८८१ च्या सुमारास सुचलं ते फॅनी हेस्से या बाईला, कारण घरी जॅम-जेली घट्ट करायला ती ते वापरत होती. त्याआधी जिलेटिन वापरत आणि उन्हाळ्यात ते वितळून जाई. स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत गेलेली ही गोष्ट मुलींना सांगताना मला फार बरं वाटतं.

या जेलीवर जीवाणूंचं पाणी कापसाच्या बोळ्यानं सारवतात. किती दाट घ्यायचं तेही ठरलेलं, मिलिलीटरला साधारण १५ कोटी जीवाणू. मग जेलीत ६ मिलिमीटरची छोटी भोकं पाडतात, एकात अर्क, एकात नुसतं द्रावक, एकात ओळखीचं औषध. ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. सकाळी झाकण उघडलं की जेलीवर दुधावर साय धरल्यासारखा फिकट थर आलेला असतो, एक ओळखीचा कुबट वास येतो, आणि जिथे द्रव्यानं काम केलं तिथे भोकाभोवती स्वच्छ गोल चकती दिसते. त्या चकतीचा व्यास पट्टीनं मोजतात. पहिल्यांदा ती चकती पाहणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद मी अनेकदा पाहिला आहे आणि तो खराच आहे.

पण चकती खोटंही बोलते. ती मोठी दिसण्यासाठी द्रव्य जेलीतून पसरावं लागतं, आणि जेली म्हणजे बहुतांशी पाणी. पाण्यात विरघळणारं कमकुवत द्रव्य लांबवर पसरतं आणि मोठी चकती देतं. काजूचं तेल भोकातच बसून राहतं आणि चकती लहान येते. दोन विद्यार्थ्यांनी शेजारी बसून केलेल्या प्रयोगात डाळिंबाची चकती मोठी आणि काजूची छोटी आली, म्हणून डाळिंब जास्त जोरदार, असा निष्कर्ष काढला तर तो चुकला. शिवाय अर्क आंबट असला तर नुसत्या आंबटपणानंही चकती येते. कोकम नुसतं पिळून घातलं तरी येईल.

म्हणून पुढची पायरी जास्त महत्त्वाची. प्लास्टिकच्या एका ताटलीत ९६ खळगे असतात, १२ च्या ८ रांगा. पहिल्या खळग्यात अर्क दाट, पुढच्यात निम्मा, त्याच्या पुढच्यात त्याचा निम्मा, असं उतरत जायचं. सगळ्यांत जीवाणू सारखे. दुसऱ्या दिवशी एक निळा रंग टाकतात, रेझाझुरिन. जीवाणू जिवंत असतील तिथे निळ्याचा गुलाबी होतो. निळ्या खळग्यांची रांग जिथे संपते, त्या शेवटच्या निळ्या खळग्यातलं प्रमाण म्हणजे किमान रोधक मात्रा. इतकं कमी द्रव्य असलं तरी वाढ थांबते, एवढाच त्याचा अर्थ. थांबले की मेले, हे वेगळं तपासायचं. त्या निळ्या खळग्यातला थेंब नव्या जेलीवर घालून बघायचं. त्यावर काही उगवलं तर जीवाणू नुसते गप्प बसले होते.

आता आकडे नीट बघा, कारण बातमीत इथेच फसगत होते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं औषध, त्याला दाद देणाऱ्या ई. कोलायला, मिलिलीटरला एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी मात्रेत थोपवतं. सालींच्या कच्च्या अर्कांचे आकडे पुष्कळदा मिलिग्रॅममध्ये असतात, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. या क्षेत्रातला एक सर्वसाधारण संकेत असा की कच्चा अर्क मिलिलीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत चालला तर लक्ष द्यावं, आणि एक मिलिग्रॅमच्या वर लागत असेल तर त्याचं कौतुक आवरतं घ्यावं. समजा एखादा अर्क बरोबर एक मिलिग्रॅमला चालतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. त्या सगळ्या रक्तात तेवढी मात्रा आणायची तर एका वेळी पाच ग्रॅम अर्क रक्तात जिवंत फिरत ठेवावा लागेल. पोटात तुटणारा, यकृतात गाळला जाणारा, रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसणारा भाग वेगळाच. मीठ आणि व्हिनेगरही बशीत जंतू मारतात, ते कुणी सलाईनमधून देत नाही.

करक्युमिनचं उदाहरण तर आपल्या हळदीच्या पट्ट्यानं लक्षात ठेवावं असं आहे. बशीत, नळीत ते जवळजवळ प्रत्येक चाचणीत 'चालतं', कारण त्याचा रेणू अस्थिर आहे, रंगीत आहे आणि दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो. चाचणीच फसते. २०१७ मध्ये औषध-रसायनतज्ज्ञांनी त्याचा सविस्तर आढावा घेऊन हे स्पष्ट मांडलं. याचा अर्थ जखमेवर हळद लावणाऱ्या आजीला वेड्यात काढायचं असा मुळीच नाही. जखमेवर द्रव्य थेट, दाट मात्रेत पोचतं. रक्तातून पोचवायचं म्हणजे सगळा हिशेबच बदलतो.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला प्रकल्पांच्या वह्यांत फार क्वचित दिसते. साल ही फवारणीची पाटी असते. द्राक्षावर बोर्डो मिश्रण मारतात, त्यात तांबं असतं आणि तांबं जीवाणू मारतं. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी शेतकरी स्ट्रेप्टोसायक्लिन वापरत आले आहेत, आणि ते म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचं मिश्रण, चक्क दोन प्रतिजैविकं. अशा बागेतली साल न धुता वाळवून अर्क काढला तर सुंदर चकती येईल आणि आपण डाळिंबाचे पोवाडे गाऊ. साल कुठल्या बागेतली, शेवटची फवारणी कधीची, हे विचारायला एक फोन लागतो. तो करावाच.

काजूच्या बाबतीत तसाच एक प्रश्न कारखान्यात विचारायचा असतो, आणि हा प्रश्न मला पुस्तकातून सुचला नाही. पहिल्या वर्षी मी टरफलं आणायला मावशीकडे गेले. तिनं पिशवी हातात घेतली आणि विचारलं, "बॉयलरातली पाहिजेत का भाजलेली?" मी म्हटलं, कसलीही दे. ती हसली नाही, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. "दोन्ही एक न्हवं गं. बॉयलरातली जास्त उततात."

तिचं म्हणणं रसायनशास्त्रात शंभर टक्के बसतं. काजू फोडण्याआधी बी मऊ करून घ्यावी लागते. आता बहुतेक ठिकाणी वाफेच्या बॉयलरमध्ये थोडा वेळ वाफवतात. टरफलातलं तेल बरंचसं आतच राहतं आणि अ‍ॅनाकार्डिक आम्लही बऱ्याच प्रमाणात टिकतं. जुन्या पद्धतीत बिया फिरत्या ड्रममध्ये भाजत, किंवा १८० ते २०० अंशांच्या गरम तेलाच्या कढईतून काढत. एवढ्या उष्णतेला अ‍ॅनाकार्डिक आम्लाच्या डोक्यावरचा आम्लाचा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो आणि मागे उरतं कार्डानॉल. कार्डानॉल रंग, रेझिन आणि गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरासाठी फार कामाचं आहे, पण जीवाणूंवर त्याचा जोर अ‍ॅनाकार्डिक आम्लाच्या मानानं पुष्कळ कमी. डोक्यावरचा तो छोटा भाग गेला की शेपूट असूनही हत्यार बोथट. म्हणजे एकाच तालुक्यातल्या दोन कारखान्यांची टरफलं, दिसायला सारखी, आणि प्रयोगशाळेत येण्याआधीच त्यांचं नशीब ठरलेलं. मी त्या वर्षी दोन्ही एकत्र दळायला निघाले होते.

ओल्या मालाचंही तसंच. फणसाची चारखंडं म्हणजे काटेरी साल, कोकमाचा चोथा, ओली साल पावसाळ्यात एका रात्रीत बुरसते. बुरशी स्वतः जीवाणूंविरुद्ध द्रव्यं तयार करते, पेनिसिलिन तिथूनच आलं. मग सकाळी ज्याचा अर्क काढला ती साल होती की बुरशी? त्याच दिवशी पातळ पसरून, सावलीत, वाऱ्यावर वाळवली तरच सालीबद्दल काही बोलता येतं.

मग या सगळ्याचा उपयोग काय? माझ्या मते गोळी आणि इंजेक्शनच्या मागे लागण्यापेक्षा जवळची कामं पाहावीत. जपानमध्ये काजूच्या टरफलाचं तेल गाई-बैलांच्या खाद्यात थोड्या प्रमाणात मिसळून पाहिलं गेलं. जनावराच्या पोटातले काही ग्राम पॉझिटिव्ह जीवाणू हायड्रोजन तयार करतात, त्यावर दुसरे सूक्ष्मजीव मिथेन बनवतात आणि ढेकरेतून ते बाहेर पडतं. तेलानं पहिल्या फळीला आवर घातला की मिथेन कमी होतं. म्हणजे 'फक्त जांभळ्यांवर चालतं' ही जी उणीव वाटत होती, तीच इथे नेमकी हवी होती. डाळिंबाच्या सालीची टॅनिनं अन्न टिकवण्यासाठी, वेष्टनाच्या कागदासाठी तपासली जात आहेत. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून काजूचं तेल लावणं तर कोकण-गोव्याकडे जुनंच आहे. असल्या कामांत द्रव्य रक्तात न्यावं लागत नाही, पाच ग्रॅमचा हिशेब आडवा येत नाही.

निपाणीच्या भुकटीबद्दल मात्र हात राखून बोलायला हवं. तंबाखूच्या टाकाऊ भागांतून सोलानेसॉल नावाचं द्रव्य काढतात, औषधउद्योगात त्याला मागणी आहे, ते काम चांगल्या कारखान्यातच होतं. पण घरी उकळलेल्या तंबाखूच्या पाण्यात निकोटिन असतं, आणि ते कातडीतूनही अंगात जातं. निकोटिन सल्फेट एकेकाळी कीटकनाशक म्हणून फवारत, एवढं सांगितलं तरी पुरे. उवांसाठी लेकरांच्या डोक्याला किंवा गोचिडांसाठी जनावराच्या अंगाला ते पाणी लावू नये. मळमळ, घाम, चक्कर आणि त्यापुढचंही होऊ शकतं. तसंच काजूच्या टरफलाचं तेल भेगांवर, जखमेवर, दुखऱ्या दातावर लावू नये. बशीत दात किडवणारे जंतू मारणारं तेल हिरडीलाही सोडत नाही.

यंदाच्या मुलांना मी टरफलांच्या पिशवीवर चिकटवायला एक चिठ्ठी करून दिली आहे. कुठल्या गावचा कारखाना, वाफवलेली की भाजलेली, किती वेळ, फोडल्याची तारीख, किती दिवस वाळवली. मावशीला वाचून दाखवली तेव्हा तिनं आणखी एक रकाना घालायला लावला, बी नवी की गेल्या सालची. जुन्या बीचं तेल दाट होतं, पात्याला चिकटतं, असं ती म्हणाली. तो रकाना आता छापून घेतला आहे. पुढच्या आठवड्यात दोन मुली पिशव्या आणायला जाणार आहेत, त्यांच्या सामानात जाड मोज्यांचे चार जोड आहेत, दोन त्यांच्यासाठी आणि दोन तिथल्या बायकांसाठी.